दोन्ही पाय सारखे

४ मार्च, सोमवार

ही वही भाचीने कचऱ्याच्या डब्यात टाकली होती. कुठल्याशा स्पर्धेत मिळालेली. वर उडी मारणाऱ्या घोड्याचं चित्र, आत कोरी पानं. "आत्या, रोजचं रोज कोण लिहितं गं आता?" म्हणाली. मी म्हटलं, ज्याचं कुणी ऐकत नाही तो लिहितो. चार यत्ता शिकलेय. अक्षर म्हणजे कोंबडी चालून गेल्यासारखं. पण कागद उलटून बोलत नाही, हा मोठा गुण.

पागा माझ्या भावाची. त्याला मी धाकटा म्हणते, केस पांढरे झाले तरी धाकटाच. नवरा गेल्यावर मी इथे पाहुणी म्हणून आले. दुसऱ्या दिवशी पाहुणीच्या हातात फावडं आलं, ते अजून आहे. राहते चंदीच्या कोठीवरच्या खोलीत. खाली घोड्यांच्या दाण्याची पोती, वर मी. उंदरांना दोन्ही सारखंच.

आज जनावरांचा डॉक्टर आला होता, ठोंब्याच्या पुढच्या डाव्या पायासाठी. कागदावर या घोड्याचं नाव लांबलचक आहे, राजवाड्यात जन्मल्यासारखं. मी ठोंब्या म्हणते, कारण तो माझ्या पायावर पाय देऊन उभा राहतो आणि मी बोंबलले की कुणाला काय झालं म्हणून मान वळवून बघतो. बैठकीच्या खोलीतले उड्यांच्या स्पर्धांचे सगळे कप याच्या जिवावर आलेत. डॉक्टर एक्स-रे उजेडाकडे धरून म्हणाला, खुराच्या आतलं हाड झिजलंय, आता उड्या बंद.

"किती दिवस?" धाकट्याने विचारलं.

"दिवस नाही हो. बंद म्हणजे बंद. मऊ मैदानात हिंडू दे, चरू दे. जगेल अजून पुष्कळ."

"जगेल," धाकटा म्हणाला. कुणी वाईट बातमी दिल्यासारखं तोंड झालं होतं.

मला घोडे आवडत नाहीत, हे आधीच लिहून ठेवते. खातात, हगतात आणि कागद उडाला तरी दचकतात. पण हाड काही आपोआप झिजलं नाही. उडी उंच जावी म्हणून घोडा हवेत असताना बांबू वर उचलायचा, तो नडगीवर बसतो, मग पुढच्या खेपेला घोडा पाय पोटाशी घेतो. बांबूचं एक टोक धाकट्याकडे, एक माझ्याकडे. सगळीकडे असंच करतात, असं धाकटा म्हणतो. मी काही सगळीकडे गेलेली नाही.

६ मार्च, बुधवार

भाचीला नवा घोडा हवाय. ठोंब्यासाठी ती रडली. खोटं नाही रडली. पण रडता रडता मोबाइलवर नव्याचे व्हिडिओ बघत होती. पोर वाईट नाही. घोडे बदलायचे असतात असं शिकवलं, ती शिकली.

भावजय म्हणाली, "वन्सं, जुना गेल्याशिवाय नवा यायचा कसा? तुम्हीच सांगा."

मी म्हटलं, "लंगडा घोडा घेणार कोण? आंधळा?"

ती हसली नाही. ती माझ्या बोलण्यावर कधीच हसत नाही, नंतर शेजारणीला सांगताना हसते.

८ मार्च, शुक्रवार

व्यापारी येऊन गेला. त्याचा ट्रक फाटकाशी लागला की पागेतले सगळे घोडे गप्प होतात. हे माझ्या मनाचे खेळ असतील. तो घोड्याच्या तोंडाकडे बघत नाही, पायाकडे बघत नाही. मागच्या पुठ्ठ्यावर हात फिरवतो, मांस दाबतो. वजन बघतो. त्याच्या ट्रकातून घोडा पुढे कुठे जातो हे सगळ्यांना ठाऊक आहे आणि कुणी विचारत नाही.

"हाडं दिसतायत," म्हणाला. "महिनाभर खाऊ घाला, मग बोलू."

शेळी जाते जिवानिशी आणि खाणारा म्हणतो वातड. मी तोंडावर बोलले. धाकट्याने माझ्याकडे असं बघितलं की बास.

तो गेल्यावर धाकटा म्हणाला, "ताई, मला काय हौस आहे का? चांगलं गिऱ्हाईक आलं तर देईन की चांगल्या घरी. नाहीतर हा आहेच."

चांगल्या घरी जायचं तर घोडा चांगला दिसायला पाहिजे. एवढं मलाही कळतं.

११ मार्च, सोमवार

गिऱ्हाईक मिळालं. दातांची डॉक्टरीण आहे, तिच्या बारा वर्षांच्या मुलीसाठी घोडा हवाय. गुरुवारी येणार.

आज नालबंद आला. हा माणूस मला बरा वाटतो. कमी बोलतो, आणि बोलतो ते ओठात खिळे धरून, त्यामुळे निम्मं कळत नाही. धाकटा त्याला म्हणाला, "दोन्ही पाय सारखे करून दे."

"डावा उजव्यासारखा व्हायचा नाही."

"मग उजवा डाव्यासारखा कर."

नालबंदाने खिळे तोंडातून काढले. उजवा खूर उचलून पुन्हा बघितला. मग मला म्हणाला, "बाई, एक खडा आणा अंगणातून. चण्याएवढा."

मला आधी उमगलं नाही. मग उमगलं. चांगल्या पायाच्या नालाखाली खडा बसवायचा. उजवाही डाव्याएवढाच दुखला की घोडा कुठल्या पायाला जपणार? दोन्ही सारखेच टाकतो. एक पाय दुसऱ्यापेक्षा जास्त दुखला की आपण त्याला लंगडणं म्हणतो. दोन्ही दुखले की त्याला चाल म्हणतात.

खडा शोधायला गेले. टोकदार होते ते टाकून दिले. गोल, गुळगुळीत, बाळाच्या तोंडात दिला तरी टोचणार नाही असा निवडला. तेवढंच जनावराला बरं. नालबंद म्हणाला, "काय हो, अंगठीत बसवायचाय का?"

पाय मी धरला. ठोंब्याने दिला. मागितला की देतो, का म्हणून विचारत नाही. नाल बसल्यावर धाकट्याने त्याला फरशीवर दुडक्या चालीने पळवला. एकदम सारखा. धाकट्याने टाळी वाजवली. नालबंदाने चहा घेतला नाही, काम आहे म्हणून गेला. त्याला कधी कामाची घाई नसते.

दुपारी भावजय मोजपट्टी घेऊन माझ्या खोलीत आली होती. खिडकी मोजली, भिंत मोजली. पडदा लावायचा असेल. इतक्या वर्षांनी सुचलं, बरं आहे.

१४ मार्च, गुरुवार

आले आणि गेले. डॉक्टरीणबाई उंच, चष्मा, चप्पल स्वच्छ. आल्या आल्या ठोंब्याचं तोंड उघडून दात बघितले. मला हसू आवरेना. धर्माच्या गाईचे दात मोजू नयेत म्हणतात, पण ही पैसे देणारी, आणि धंदाच दातांचा.

"हिरड्या छान आहेत," म्हणाली.

"गोड खात नाही," मी म्हटलं. ती हसली. माझ्या बोलण्यावर कुणी हसलं की मला चुकल्यासारखं होतं.

मुलगी बारकी आहे, पुढचे दात तारेने बांधलेले. ती ठोंब्याच्या मानेला कान लावून उभी राहिली. कशाला ते कळलं नाही. मग बसली, दोन लहान उड्या मारल्या. ठोंब्याने मारल्या. तो कधी नाही म्हणत नाही, हाच त्याचा दोष.

डॉक्टरीणबाईने मला विचारलं, धाकट्याला नाही. "याला काही दुखणं आहे का?"

धाकटा माझ्या पाठीमागे उभा होता. दिसत नव्हता, पण उभा होता.

मी म्हटलं, "खाण्यापिण्याची काही तक्रार नाही." हे खरं आहे.

मग धाकटा पुढे आला. "आमच्या ताईनेच सांभाळलाय याला. पहाटे उठते, कधी आजारी नाही, खाते चिमणीएवढं. तोंड तिखट आहे, पण सवय होते." डॉक्टरीणबाईने मला वरपासून खालपर्यंत बघितलं. मला राग आला तो चिमणीचा. मी चांगली जेवते.

१५ मार्च, शुक्रवार

त्यांचा डॉक्टर तपासायला आला. नवा, उत्साही. धाकट्याने सांगितलं म्हणून मी सकाळपासून ठोंब्याचे पाय गार पाण्याच्या टबात उभे ठेवले होते, म्हणजे हाताला गरम लागू नयेत. डॉक्टरने दाबले, वाकवले, पळवला. "चाल आखूड आहे," म्हणाला, "पण सारखी आहे. वयाच्या मानाने ठीक." एक्स-रे मागितले, तर धाकट्याने दोन वर्षांपूर्वीचे काढून दिले आणि स्वतःच पुसून दिले, धूळ बसली होती.

विकला.

चांगल्या घरी चाललाय. हे मी आज दिवसभर स्वतःला सांगतेय. ट्रकात नाही चालला.

१७ मार्च, रविवार

धाकटा म्हणाला, "ताई, तूही जा."

"कुठे?"

"ठोंब्याबरोबर. त्यांच्याकडे घोड्याचं बघणारं कुणी नाही, आणि त्याला तुझी सवय. खोली देतायत, पक्की. उंदीर नाहीत."

"किती दिवस?"

"अगं, बघू."

मी नाही म्हणणार होते. पण माझ्याशिवाय ठोंब्याचं चालायचं नाही हे त्याला शेवटी पटलं, याचं बरं वाटलं. इतकी वर्षं शेण काढलं ते वाया गेलं नाही. भावजयीने माझी वळकटी स्वतः बांधली. कधी नव्हे ती मदत केली. भाचीचा नवा घोडा येतोय, त्याच्याबरोबर त्याचा माणूसही येतोय म्हणे. त्याला कुठे ठेवणार कोण जाणे, जागा कुठे आहे.

निघताना नालबंद फाटकाशी भेटला. कागदात गुंडाळलेली नाल काढायची पकड हातात दिली. "फार दिवस ठेवू नका तो आत," म्हणाला. "खूर बिघडेल." तोंडात खिळे नव्हते, सगळं कळलं.

२० मार्च, बुधवार

इथे पुढे दवाखाना, वर घर, मागे मोठं मैदान. गवत मऊ. एकच घोडा, त्याला एवढी जागा. ठोंब्या पहिल्या दिवशी दारातच उभा राहिला, मोकळं सोडलंय हे त्याला खरं वाटेना.

पोरगी मला मावशी म्हणते. तिचं ऐकून डॉक्टरीणबाईही मावशी म्हणायला लागली. माझ्याहून पाच-सहा वर्षांनी लहान असेल, तरी मावशी. असू दे.

पोरगी प्रश्न फार विचारते. घोडा उभ्याने झोपतो तर पडत का नाही? त्याला माझं नाव कळतं का? त्याला उड्या आवडतात का? मी म्हटलं, तुला गणित आवडतं का? म्हणाली, नाही. मग शाळेत जातेस ना? म्हणाली, जाते. झालं तर.

खोलीत खिडकी आहे. पडदाही आहे.

२९ मार्च, शुक्रवार

खडा अजून आत आहे.

काढायचा तर उजवा मोकळा होईल आणि डाव्याचं लंगडणं सगळ्यांना दिसेल. डाव्याला आधी आराम मिळू दे, मग काढू, असं ठरवलं. पोरीला सांगितलं, नवीन जागा आहे, त्याला रुळू दे, नुसतं चालव. ती ऐकते. रोज गवतावर त्याला हिंडवते, त्याच्याशी बोलते. शाळेत कोण कसं वागलं ते सगळं त्याला माहीत आहे.

आज काढू, उद्या काढू करत दिवस जातायत. पकड उशीखाली आहे. पाठीला टोचते.

३ एप्रिल, बुधवार

ठोंब्या लंगडला. उजव्या पायाने.

मी बघतच राहिले. मग कळलं. खोटं आम्ही मापात बसवलं होतं. डावा दुखत होता तेवढाच उजवा दुखवला. इथे मऊ जमिनीवर डावा हलका झाला, उजव्यातला खडा तिथेच. काट्याचं पारडं फिरलं. एवढी वर्षं या धंद्यात असून हे एकाच्याही डोक्यात आलं नाही, की दुखणं कमीही होऊ शकतं. आमच्याकडे कधी कमी झालेलं बघितलंच नव्हतं.

डॉक्टरीणबाईने धाकट्याला फोन लावला. हातात काहीतरी काम होतं म्हणून आवाज मोठा ठेवला होता. मी दारात बादली घेऊन.

"इथून निघाला तेव्हा तुमच्याच डॉक्टरने बघितला होता," धाकटा म्हणाला. "तिथे काय झालं मला काय माहीत? ताईला विचारा. तसं तिचं हल्ली... वय झालंय हो. लक्ष राहत नाही. मी तुम्हाला सांगणारच होतो."

डॉक्टरीणबाई माझ्याकडे बघत होती. मी बादली घेऊन निघून आले.

अडचणीत आला की धाकटा असंच बोलतो. लहानपणी आईपुढेही बोलायचा. मनात काही नसतं त्याच्या.

४ एप्रिल, गुरुवार

दुपारी नाल काढला. खडा खुरात बसून गेला होता, त्याच्या आकाराचा खळगा पडला होता, आत काळं. गुळगुळीत निवडला होता मी. गुळगुळीत असो नाहीतर काटेरी, वर अख्खा घोडा उभा असतो हे मला सुचलं नव्हतं.

धुऊन काढत होते तर पोरगी शाळेतून आली, दप्तरासकट. "काय झालं? काय आहे ते?"

खडा माझ्या तळहातावर होता.

"खडा!" ती ओरडली. "मावशी, रस्त्यातला खडा अडकला असेल! म्हणून लंगडत होता! आई, आई, सापडलं!"

डॉक्टरीणबाई हातमोजे घालूनच धावत आली. मी म्हटलं, "हं."

हं म्हणजे हो नव्हे. पण त्यांनी हो घेतलं. डॉक्टरीणबाई म्हणाली, "मावशी, माफ करा. काल फोनवर ऐकून माझ्या मनात नाही नाही ते आलं." तिने माझी माफी मागितली. पोरीने खडा ठेवून घेतला. शाळेत दाखवणार म्हणाली.

९ एप्रिल, मंगळवार

ठोंब्या छान चालतोय. खरंखुरं सारखं. इथल्या नालबंदाने नवे नाल ठोकले. पोरगी लहान उड्या घेते. येत्या रविवारी लहान मुलांची स्पर्धा आहे, नाव घातलंय.

मी डॉक्टरीणबाईला म्हटलं, "एवढी घाई कशाला?"

"तीच हट्ट करतेय. आणि आता तो बराय ना?"

आता बराय. आता या शब्दात काही खोटं नाही.

नुसतं गप्प राहिलं की झालं. घोडा चांगल्या घरी, मी पक्क्या खोलीत, धाकट्याकडे नवा घोडा. सगळ्यांचं भलं. फक्त डॉक्टरने सांगितलं होतं, बंद म्हणजे बंद. तो डॉक्टर आता इथे नाही, आणि तो म्हणाला ते ऐकलेलं इथे मी एकटीच.

१२ एप्रिल, शुक्रवार

डावा पाय गरम आहे. मी सकाळी हात लावला, पुन्हा लावला. गरम आहे.

संध्याकाळी पोरगी उड्या घ्यायला गेली. पहिली नीट. दुसरीला ठोंब्या जवळ येऊन एकदम अडखळला, आखूड उडाला, बांबू पाडला, आणि पोरगी खोगिरातून सुटून त्याच्या मानेवर आली. त्याने मान वर केली, म्हणून ती मागे सरकली. खाली केली असती तर डोक्यावर पडली असती. त्याने वर केली. मी पळत गेले, मी कधी पळत नाही.

पोरगी हसत होती, पण लगाम सोडत नव्हती. "माझंच चुकलं, मावशी. मी त्याला उशिरा सांगितलं." मग त्याच्या मानेला मिठी मारून म्हणाली, "सॉरी, सॉरी, माझी चूक."

ती त्याची माफी मागत होती. आईने माझी मागितली, आता ही त्याची मागते. या घरातली माणसं सगळ्यांची माफी मागत सुटलीत आणि ज्यांनी मागायची ते गप्प.

जेवण गेलं नाही.

१३ एप्रिल, शनिवार

सकाळी सरळ दवाखान्यात गेले. बाहेर माणसं बसली होती, गाल धरून. एक बाई म्हणाली, "अहो, नंबर आहे." मी म्हटलं, "माझे दात शाबूत आहेत," आणि आत गेले.

खुर्चीत एक जाडगेला माणूस आडवा, तोंड उघडं, तोंडात नळी. डॉक्टरीणबाई म्हणाली, "मावशी, आत्ता?"

"आत्ता. नंतर माझं धाडस व्हायचं नाही. उद्या पोरीला त्या घोड्यावर बसवू नका."

"का?"

"नालाखाली खडा आपोआप जात नाही. नाल खिळ्यांनी ठोकलेला असतो. तो आम्ही घातला होता. चांगल्या पायात. दुसरा पाय कायमचा गेलाय, तो झाकायला. खडा मी शोधून आणला. पाय मी धरला."

खुर्चीतल्या माणसाचे डोळे मोठे झाले. बिचाऱ्याला काही बोलता येईना, जबडा बधिर. नुसता माझ्याकडे आणि तिच्याकडे बघत होता.

"तोंड उघडं ठेवा," ती त्याला म्हणाली. मग मला, अगदी हळू आवाजात, "डावा पाय. त्याला बधिर करायचं औषध दिलं नाहीत?"

"नाही. दुसरा दुखवला."

ती हातातलं यंत्र बंद करून तशीच उभी राहिली. "मी दिवसभर लोकांचं दुखणं बंद करते, मावशी. दुखणं झाकायला आणखी एक दुखणं लावायचं, हे मला कधी सुचलं नसतं." मग म्हणाली, "काल ती मानेवर आली ती..."

"हो."

"आणि तुम्हाला माहीत होतं."

"हो."

"बाहेर जा."

गेले. बाहेरची बाई म्हणाली, "एवढ्यात झालं?" मी म्हटलं, "उपटून आले." तिला वाटलं दात.

१५ एप्रिल, सोमवार

काल स्पर्धेला कुणी गेलं नाही. वर घरात रडण्याचा आवाज येत होता, मग तोही थांबला. पोरगी पागेकडे फिरकली नाही.

आज डॉक्टरीणबाई आली. ठोंब्याच्या दाराला टेकून उभी राहिली, माझ्याकडे न बघता बोलली.

"तुमच्या भावाला फोन केला. म्हणतो, परत पाठवा, अर्धे देतो. परत गेला तर काय होईल याचं?"

"व्यापारी नेईल."

"कुठे?"

"विचारू नका. तिथे कुणी विचारत नाही."

ठोंब्या तिचा खिसा हुंगत होता. त्यात काही नव्हतं, तरी हुंगत होता.

"आणि तुम्हाला? तुम्ही परत गेलात तर?"

"मला न्यायला व्यापारी यायचा नाही," मी म्हटलं. "किलोवर काय मिळणार माझं." मग सांगितलं, की काल धाकट्याला मीही फोन केला होता. तो म्हणाला, ताई, माझं तोंड काळं केलंस, आणि तुझी खोली आता रिकामी नाही. नव्या घोड्याचा माणूस राहतो तिथे. पडदे लावलेत म्हणे.

ती एवढ्यावर हसली नाही. मीही विनोद केला नव्हता.

"घोडा राहील," ती म्हणाली. "मैदान आहे, चरू दे. उड्या नाहीत. पण तुम्ही राहू नका, मावशी. तुम्ही सांगितलंत, ते मी विसरणार नाही. पण माझ्या पोरीला तुम्ही त्याच्यावर बसू दिलंत. मी रोज सकाळी तुम्हाला बघून तेच आठवणार. रविवारपर्यंत राहा."

बरोबर बोलली. तिच्या जागी मी असते तर रविवारपर्यंतही ठेवलं नसतं.

नालबंदाला फोन केला. म्हणाला, एका गोठ्यात बाई हवीय, विचारतो. गाई. गाईला विकताना निदान उडी मारून दाखवावी लागत नाही.

१७ एप्रिल, बुधवार

शाळेतून पोरगी आली. दारात उभी, आत येईना. मी शेण काढत होते, काढत राहिले.

"त्याला आता दुखतंय?"

"हो."

"आत्ता? या वेळी?"

"हो."

"मग ओरडत का नाही तो?"

"घोडे ओरडत नाहीत. ओरडले असते तर कुणी उड्या मारायला घेतलेच नसते."

तिने दप्तर खाली आपटलं. मग रागाने म्हणाली, "तुम्ही रविवारी जाणार. मग मला कसं कळणार? तुम्हालाच माहीत असतं, आणि तुम्ही सांगत नाही."

मी फावडं भिंतीला लावलं. तिला म्हटलं, इकडे ये, बस खाली. ठोंब्याचा डावा पाय दाखवला. खुराच्या वर, मागच्या बाजूला, एक खोलगट जागा असते. तिथे बोट ठेवायचं. आत एक शीर उडते. बरा असला की लागतच नाही, शोधावी लागते. दुखत असला की दार ठोठावल्यासारखी लागते.

तिने बोट ठेवलं. "काही नाही लागत."

"जरा खाली. दाबू नकोस."

"नाही लागत, मावशी!"

"घाई करू नकोस," मी म्हटलं. मी! उभ्या जन्मात मी हे कुणाला म्हटलं नव्हतं.

ती डोळे मिटून बसली. चेहरा असा, जसा गणित सोडवताना होत असेल. ठोंब्या स्थिर उभा. बाहेर दवाखान्याचं दार दोनदा वाजलं. मग तिचे डोळे उघडले.

"लागली," ती कुजबुजली. "जोरात आहे."

उजव्या पायाला लावून बघितलं. पुन्हा डाव्याला. फरक तिला कळला, ते मला दिसलं. मला वाटलं आता रडेल, पण ती रडली नाही. बोट काढलंही नाही.

पाणी भरायचं राहिलं होतं. शेण अर्धंच निघालं होतं. मी तिला ऊठ म्हटलं नाही.